हवेचा हिशेब आणि पाचामुखी परमेश्वर

भारतातल्या नातेवाइकांना ‘आम्ही फ्रिस्कोला राहतो’ असे सांगितले की निम्म्या मंडळींच्या डोळ्यांपुढे गोल्डन गेट पूल उभा राहतो. मग ‘ते नव्हे हो, टेक्सासमधले, डॅलसच्या वरचे’ असा खुलासा करावा लागतो. गंमत अशी की नावाचा हा घोटाळा अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेची गाडी जाऊ लागली आणि तिच्या लाडक्या नावावरून गावाला फ्रिस्को म्हणू लागले. ती रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कधी पोचली नाही. नाव मात्र आपल्या पदरात पडले.

आज त्या फ्रिस्कोहून या फ्रिस्कोत आणखी एक गोष्ट आणावी असा विचार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी २०१२ पासून शास्त्रज्ञ शहराच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या मराठी शाळेतला कर्बवायू, स्वस्त यंत्रांच्या जाळ्याने मोजत आहेत. ही पद्धत काय आहे, तिची गरज का पडली, आणि आपल्या मंडळातल्या मुलांना तिचा एक छोटा नमुना इथे उभा करता येईल का, ते पाहू. विज्ञानाचा लेख दिसला की पान उलटून पाककृतीकडे वळणाऱ्यांना एवढीच विनंती की जरा थांबा. यात सोनाराचा काटा, भाजीवाल्याचा तराजू आणि उसाच्या गाड्याही आहेत.

कागदावरचा हिशेब

एखादे शहर वर्षाला किती कर्बवायू सोडते हे बहुतेक ठिकाणी मोजले जात नाही, हिशेब करून काढले जाते. किती पेट्रोल खपले, विजेची किती युनिटे गेली, किती गाड्या किती मैल धावल्या, हे आकडे घ्यायचे आणि ठरलेल्या गुणकांनी गुणायचे.

उदाहरणच घेऊ. आपल्यापैकी कोणी रोज फ्रिस्कोहून लास कोलिनासकडे कामाला जातो. जाऊन येऊन ५० मैल धरा, गाडी गॅलनला २५ मैल देते असे धरा. म्हणजे रोजचे २ गॅलन. एक गॅलन पेट्रोल जळले की सुमारे ८.९ किलो कर्बवायू तयार होतो. इथे चौकस वाचक विचारतील की गॅलनभर पेट्रोलचे वजनच जेमतेम पावणेतीन किलो, मग त्यातून नऊ किलो कुठून आले? उत्तर सोपे आहे. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनचा एक अणू १२ वजनाचा, त्याला जोडलेले ऑक्सिजनचे दोन अणू मिळून ३२ वजनाचे. म्हणून १२ चे ४४ होतात. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर या एका गाडीचे, फक्त कामावर जाण्यायेण्याचे, जवळजवळ साडेचार टन होतात.

ही झाली एका गाडीची गोष्ट. आता आपले गाव पाहा. १९९० च्या जनगणनेत फ्रिस्कोची लोकसंख्या ६,१४१ होती. २००० मध्ये ती ३३,७१४ झाली, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. फ्रिस्को डार्टच्या सभासद गावांत नाही, त्यामुळे गावात आगगाडीचे स्टेशन नाही आणि दूध आणायचे तरी गाडी काढावी लागते. ज्या शेतांवर ही घरे उभी राहिली त्यांतली कितीतरी आपण मराठी मंडळींनीच घेतली. तेव्हा हा हिशेब परक्याचा नाही, आपल्या घरचाच आहे.

कागदावरच्या हिशेबात काय चूक, असे कोणी विचारील. चूक अशी की तो कुणीतरी आपल्या सोयीने मांडलेला असतो. एक शहर विमानतळ धरते, दुसरे धरत नाही. एक जण गावातून नुसत्या जाणाऱ्या ट्रकांचा धूर आपला मानतो, दुसरा तो शेजाऱ्याच्या खात्यावर टाकतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ४८ शहरांचे असे स्वतः जाहीर केलेले आकडे शास्त्रज्ञांनी स्वतंत्र हिशेबाशी ताडून पाहिले. तेव्हा शहरे सरासरीने १८.३ टक्के कमी आकडा सांगतात असे निघाले. काहींनी खूपच कमी सांगितला होता, तर काहींनी चक्क जास्त. यात सगळीकडे लबाडी होती असे नाही. पण ज्याचा आकडाच डळमळीत, त्याने ‘आम्ही दहा वर्षांत निम्मे करू’ असे वचन दिले तर ते पाळले की नाही हे कोण ठरवणार?

घरात डब्यात साखर किती उरली हे वाण्याच्या बिलांवरून काढता येते. पण कधीतरी झाकण उघडून आत पाहावेच लागते. शहराच्या बाबतीत झाकण उघडणे म्हणजे हवा मोजणे.

मौना लोआ, काबो द राम आणि सिंहगड

हवेतला कर्बवायू मोजणे नवे नाही. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१३ भाग होते. या एककाला पीपीएम म्हणतात. २०२४ ची तिथली वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. आपल्यापैकी जे आज साठीत आहेत त्यांच्या आयुष्यात यातली बहुतेक वाढ झाली.

आपल्या मुलखातही हे काम झाले आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. दक्षिण गोव्यात समुद्रात घुसलेल्या काबो द राम या टोकावर १९९३ पासून हवेचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत पाठवले जात. त्यात एक सुंदर गोष्ट दिसली. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा दूरची स्वच्छ हवा आणतो, तर हिवाळ्यात वारा उलटला की देशावरची, माणसांनी वापरलेली हवा त्याच टोकावर येते. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असेच नमुने घ्यायला सुरुवात केली. गडावर पिठले-भाकरी आणि दही खायला आपण सारे गेलो आहोत. त्याच गडावरून हवेच्या बाटल्याही खाली उतरत होत्या.

या सगळ्या जागांत एक साम्य आहे. बेट, भूशिर, गड अशा त्या मुद्दाम वस्तीपासून दूर निवडलेल्या आहेत, कारण तिथे साऱ्या प्रदेशाची सरासरी कळते. शहराचा हिशेब हवा असेल तर मात्र शहरातच उतरावे लागते, आणि तिथे एका बाटलीने भागत नाही. एका चौकात गाड्या थांबलेल्या असतात, दोन गल्ल्या सोडून बागेत झाडे असतात, पलीकडे एखाद्या हॉटेलचा भटारखाना चालू असतो. दर मैलाला आकडा बदलतो.

सोनाराचा काटा की भाजीवाल्याचा तराजू?

कर्बवायू अगदी अचूक मोजणारी यंत्रे आहेत. ती ४२० पीपीएममधला एका पीपीएमच्याही दहाव्या हिश्शाचा फरक सांगतात. हा झाला सोनाराचा काटा. पण अशा यंत्रांचे एक पूर्ण केंद्र, त्याचे तपासणीचे वायू आणि देखभाल धरून, लाखभर डॉलर आणि त्याहून पुढे जाऊ शकते. इंडियानापोलिस शहरात २०१० पासून उंच मनोऱ्यांवर अशी डझनभर यंत्रे बसवून मोठा अभ्यास झाला. पण प्रत्येक गावाला हे परवडणारे नाही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रोनाल्ड कोहेन यांनी दुसरा रस्ता धरला. एकच सोनाराचा काटा घेण्याऐवजी भाजीवाल्याचे पुष्कळ तराजू घ्यायचे आणि गावभर मांडायचे. २०१२ पासून त्यांच्या गटाने ओकलंडमधल्या शाळांच्या आणि इतर इमारतींच्या छपरांवर छोट्या पेट्या बसवायला सुरुवात केली. दोन पेट्यांत अंतर साधारण दोन किलोमीटर. या जाळ्याला त्यांनी ‘बीकन’ असे नाव दिले. एका पेटीचा खर्च दहा हजार डॉलरच्या आत बसतो. पेटीत कर्बवायूचा संवेदक असतोच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, ओझोन आणि धूलिकण मोजणारे छोटे भाग असतात. हे जाळे पुढे खाडीच्या भोवती पसरत ऐंशीच्या घरात गेले. लॉस एंजेलिस, ऱ्होड आयलंडमधले प्रॉव्हिडन्स आणि स्कॉटलंडमधले ग्लासगो इथेही याच धर्तीच्या पेट्या लागल्या.

या पेटीतला संवेदक काम कसा करतो तेही समजून घेण्यासारखे आहे. कर्बवायूला अवरक्त प्रकाशातला एक ठरावीक ‘रंग’ फार आवडतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण कर्बवायूचे रेणू तो गिळून टाकतात. छोट्या नळीच्या एका टोकाला अवरक्त दिवा आणि दुसऱ्या टोकाला तो प्रकाश मोजणारा भाग असतो. नळीत कर्बवायू जितका जास्त, तितका पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. कर्बवायूची हीच खोड पृथ्वीची उष्णता अडकवते, आणि त्याच खोडीवर आपण त्याला पकडतो.

आता तराजू स्वस्त म्हणजे चूक आलीच. पण मराठीत म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. एकाचे बोलणे खोटे ठरेल, पाच जण स्वतंत्रपणे तेच सांगत असतील तर त्यात तथ्य असते. २०१६ मध्ये बर्कलीच्याच शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित करून दाखवले की शहराच्या कामासाठी थोड्या कमी अचूक पण दाट लावलेल्या पेट्या, विरळ लावलेल्या अतिअचूक यंत्रांना भारी पडू शकतात. कारण शहरातला खरा प्रश्न ‘किती अचूक’ यापेक्षा ‘कुठे आणि केव्हा’ हा असतो.

पासंग हवाच

एका गोष्टीत मात्र ढिलाई चालत नाही. पूर्वी मंडईत तराजूची दोन पारडी सारखी नसली की दुकानदार हलक्या पारड्याला दगड किंवा लोखंडाचा तुकडा बांधत असे. तो पासंग. स्वस्त संवेदकालाही पासंग लागतो, आणि तो वारंवार तपासावा लागतो.

उन्हाने पेटी तापली की आकडा सरकतो. हवेचा दाब बदलला की सरकतो. दमट हवेने सरकतो. शिवाय दिवा जुना होत जातो तसा महिन्या-महिन्याने आकडा एका बाजूला कलतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून जवळजवळ ३०० स्वस्त संवेदकांचे देशभर जाळे लावले गेले. बॅटरीवर चालणारे, बिनतारी, अगदी छोटे. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रत्येक संवेदक आधी प्रयोगशाळेत तपासला, मग गावात लावला आणि नंतरही जवळच्या अचूक केंद्रांशी सतत ताडत राहिले. एवढे करूनही प्रत्येकाची चूक साधारण १० पीपीएमपर्यंत उरली. दुपारी वारा वाहत असताना साऱ्या शहरामुळे हवेत पडणारी भरही कधी कधी एवढीच असते. म्हणजे एकट्या संवेदकावर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

बीकनवाल्यांनी हाच प्रश्न शेजाऱ्यांच्या मदतीने सोडवला. जाळ्यात एखादे अचूक यंत्र ठेवायचे. वारा स्वच्छ असतो अशा वेळी सगळ्या पेट्यांनी जवळजवळ सारखे बोलले पाहिजे. जी पेटी सतत वेगळे बोलते, तिला पासंग लावायचा.

आपल्याकडे मुंबईतही असाच धडा गिरवला गेला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात चार भारतीय कंपन्यांचे ४० स्वस्त संवेदक मंडळाच्या १५ केंद्रांवर, महागड्या यंत्रांच्या शेजारी ठेवून पाहिले. तिथे मोजायचा होता तो सूक्ष्म धूलिकण, कर्बवायू नव्हे. पण पद्धत तीच: आधी शेजारी ठेवा, तुलना करा, मग विश्वास ठेवा.

हवेने काय सांगितले

आता फळ पाहू. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे खाडीकाठच्या सहा परगण्यांनी लोकांना घरी बसण्याचा आदेश दिला. अमेरिकेत तो पहिलाच. रस्ते रिकामे झाले हे डोळ्यांना दिसतच होते. पण शहराचा कर्बवायू किती घटला? आदेशाआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे, अशी ३५ पेट्यांची तुलना करण्यात आली. माणसांनी सोडलेला कर्बवायू ३० टक्क्यांनी घटला होता. वाहनांचा ४८ टक्क्यांनी घटला होता आणि बाकी सगळ्यांचा मिळून फक्त ८ टक्क्यांनी. पेट्रोलच्या वार्षिक हिशेबाची वाट न पाहता, कोणत्या कारणाने किती घटले हे हवेनेच सांगितले.

दुसरी गोष्ट सावकाश घडणारी आहे. २०१८ ते २०२२ या काळातल्या ५७ पेट्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये असे प्रसिद्ध झाले की त्या भागातला कर्बवायू दर वर्षी १.८ टक्क्यांनी आणि वाहनांचा २.६ टक्क्यांनी घटतो आहे. विजेवर चालणाऱ्या आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचा परिणाम प्रथमच शहराच्या हवेत प्रत्यक्ष दिसला. त्याच आकड्यांनी दुसरी बाजूही दाखवली. कॅलिफोर्नियाने ठरवलेले ध्येय गाठायला दर वर्षी साधारण ३.७ टक्के घट हवी. म्हणजे वेग निम्मा आहे. कौतुक आणि कानउघाडणी दोन्ही एकाच वहीत.

वारा, रात्र आणि झाडे

हे वाचून कोणी उद्याच एक यंत्र परसात लावील आणि पहाटे ४८० आकडा पाहून घाबरेल. म्हणून थोडे सावध करतो.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे शेकोटीचा धूर वर न जाता जमिनीलगत चादरीसारखा पसरलेला आपण पाहिला आहे. रात्री जमीन थंड होते आणि जवळची हवा वर जायला तयार नसते. तसेच कर्बवायूचे होते. रात्रीतून तो साठतो, पहाटे आकडा चढतो. ऊन वर आले की हवा ढवळली जाते आणि दुपारी आकडा उतरतो. गाड्या तेवढ्याच असल्या तरी आकडा वेगळा. म्हणून पहाटेची तुलना पहाटेशी आणि दुपारची दुपारशीच करायची.

झाडे आणि हिरवळ दिवसा कर्बवायू घेतात, रात्री सोडतात. मे महिन्यात आणि जानेवारीत त्यांचे वागणे वेगळे असते. गाडीचा कर्बवायू आणि झाडाचा कर्बवायू दिसायला एकच. पण गाडीच्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे येतात, झाडाबरोबर येत नाहीत. म्हणून बीकनच्या पेटीत बाकीचे संवेदक असतात. चोर ओळखायचा तर त्याच्या सोबत्यांवरही नजर ठेवावी लागते.

आणि वारा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक दक्षिणेकडून येतो. म्हणजे अख्ख्या डॅलसची हवा १२१ नंबरचा हमरस्ता ओलांडून आपल्याकडे येते आणि ३८० कडे जाते. उत्तरेकडच्या गावांना ओझोनचे लाल-नारिंगी दिवस जास्त का सोसावे लागतात याचे एक कारण हेच. मग फ्रिस्कोचा स्वतःचा कर्बवायू किती हे कसे कळावे? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन वजनांतला फरक तो ऊस. हवेचेही तसेच. गावात शिरताना हवेचे वजन करा, गावाबाहेर पडताना करा. फरक आपला.

मोजले म्हणून बदलले: आपल्याच गावाची गोष्ट

मोजून काय होणार, असा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर फ्रिस्कोच्या मध्यावरच आहे. इथे १९६० च्या दशकापासून जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढण्याचा कारखाना होता. पुढे तो एक्साइड कंपनीकडे आला. आजूबाजूला शेते होती तोवर कुणाचे लक्ष नव्हते. घरे वाढली, शाळा आल्या. २००८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हवेतल्या शिशाची मर्यादा १.५ मायक्रोग्रॅमवरून ०.१५ वर, म्हणजे दहापट कडक केली. कारखान्याजवळच्या मापन केंद्रांचे आकडे नव्या मर्यादेच्या वर होते, आणि २०१० मध्ये फ्रिस्कोचा तो भाग ‘मर्यादा न पाळणारा’ म्हणून जाहीर झाला. रहिवासी बोलू लागले, नगरपालिका हलली. २०१२ मध्ये करार झाला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर कारखाना बंद झाला. २०१७ मध्ये ईपीएने तो शिक्का काढला. जमिनीतले शिसे काढण्याचे काम मात्र त्यानंतरही उरलेच.

शिसे हे विष आहे आणि त्याला कायद्याची मर्यादा आहे. बाहेरच्या हवेतल्या ४३० पीपीएम कर्बवायूने कुणाच्या मुलाला खोकला येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी कुणी नगरपालिकेच्या सभेत उभे राहत नाही, आणि म्हणूनच तो मोजण्यासाठी आपणहून उठावे लागते. परिणाम मात्र आपल्या मुलांना आणि नातवंडांना इथल्या उन्हाळ्यात आणि तिकडच्या पावसाळ्यात भोगायचा आहे.

आपल्याजवळ जाणकारही आहेत. रिचर्डसनच्या यूटी डॅलस विद्यापीठात डेव्हिड लॅरी या प्राध्यापकांच्या गटाने डॅलस परिसरात स्वस्त संवेदकांचे ‘शेअर्ड एअर’ नावाचे जाळे उभे केले. त्याचा मुख्य भर धूलिकणांवर. आपली कितीतरी मुले याच विद्यापीठात शिकतात. विचारायला लांब जायला नको.

आपण काय करू शकतो

सुचवायचे आहे ते छोटे आहे. मंडळातल्या आठवी ते बारावीच्या मुलांनी सहा पेट्या बांधाव्या. अवरक्त प्रकाशावर चालणारा सुटा संवेदक शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून स्वस्त मिळतो. दोन पेट्या गावाच्या दक्षिणेला १२१ च्या बाजूला, दोन टोलवेच्या जवळपासच्या घरी, दोन उत्तरेला ३८० च्या बाजूला. वर्षभर नोंदी ठेवायच्या. काही सूचना आताच देतो.

एक, संवेदक घेताना तो कर्बवायू खरोखर मोजतो ना हे पाहा. काही स्वस्त यंत्रे दुसरेच वायू हुंगून कर्बवायूचा नुसता अंदाज छापतात. ती आपल्या कामाची नाहीत.

दोन, पुष्कळ संवेदक आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा ४०० समजून स्वतःला जुळवून घेतात. ही सोय बंद करा. जगाची हवा ४०० च्या पुढे जाऊन बरीच वर्षे झाली, आणि आपल्याला तर वाढच मोजायची आहे.

तीन, सुरुवातीला दोन आठवडे सहाही पेट्या एकाच अंगणात शेजारी-शेजारी ठेवा. कोण किती कलते ते लिहा. हाच पासंग. दर तीन महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून तपासा.

चार, पेटी सावलीत ठेवा, वारा लागेल अशी. बार्बेक्यू, वॉटर हीटरचा धुराडा आणि बोलणारी माणसे यांपासून दूर. आपल्या एका उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कर्बवायू असतो.

पाच, रोजचा आकडा पाहून उड्या मारू नका. रविवारच्या सकाळी आणि सोमवारच्या सकाळी, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी आणि त्याआधीच्या गुरुवारी, शाळेच्या सुट्टीत आणि शाळा चालू असताना, अशा जोड्या लावा आणि पुष्कळ दिवसांची सरासरी काढा.

यातून फ्रिस्को वर्षाला किती टन कर्बवायू सोडते हे निघणार नाही. त्याला वाऱ्याचे मोठे गणित आणि आणखी पुष्कळ पेट्या लागतात. पण गावाची नाडी दिसेल. सकाळी आठची, संध्याकाळी सहाची, सुट्टीच्या दिवसाची. आणि ‘आपण सोडतो तो धूर कुठेतरी विरून जातो’ हा जो आपणा सर्वांचा समज असतो, त्याच्या जागी मुलांच्या हातात स्वतः काढलेला आलेख असेल. उद्या नगरपालिका किंवा शाळा मंडळ काही ठरवील, बसचा मार्ग म्हणा, झाडे म्हणा, तेव्हा त्या आलेखाला किंमत येईल.

घरातही एक उपयोग होईल. पेटी बाहेर लावण्याआधी एक रात्र दार बंद केलेल्या झोपायच्या खोलीत आणि एक संध्याकाळ पन्नास पाहुण्यांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ठेवून पाहा. आकडा हजाराच्या पुढे सहज जातो. बाहेरची हवा आत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग खिडकी उघडावी. थंडी वाजली तर चहा आहेच.

ज्या पालकांना आणि मुलांना यात रस आहे त्यांनी पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी भेटावे. डाग देता येणारे, म्हणजे सोल्डरिंग जमणारे, कुणी काका किंवा मावशी असतील तर फारच उत्तम. सहा पेट्या, सहा घरे आणि एक वर्ष. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आपण एक तोंड जास्तच धरले आहे.